ट्रीअर : काळ्या वेशीपासून एका कबरीपर्यंत

जर्मनीला जाणारे आपले लोक बहुधा कोलोनचे कथीड्रल पाहतात, ऱ्हाईन नदीतून बोटीने फेरफटका मारतात आणि म्युनिकच्या दिशेने वळतात. लक्झेंबर्गच्या सीमेजवळ, मोझेल नदीच्या काठी वसलेले ट्रीअर त्यांच्या वाटेवर सहसा येत नाही. दोन्ही तीरांच्या उतारावर द्राक्षांचे मळे आणि मधोमध लाख-सव्वा लाख वस्तीचे हे शहर. परंतु ख्रिस्तसभेच्या इतिहासाचा वैभवशाली आणि लाजिरवाणा असा दोन्ही प्रकारचा वारसा एकाच दिवसाच्या पायपिटीत पाहावयाचा असेल, तर ट्रीअरसारखे ठिकाण शोधून सापडणार नाही.

सम्राट ऑगस्टसच्या काळात, ख्रिस्तपूर्व १६ च्या सुमारास रोमन लोकांनी हे शहर वसविले. जर्मनीतील सर्वांत जुने शहर असा त्याचा लौकिक आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी सम्राट कॉन्स्टंटाईन यांचे वास्तव्य येथे होते. अलेक्झांड्रियाचे बिशप संत अथानासिअस इ.स. ३३५ मध्ये हद्दपार होऊन येथेच आले आणि पुढे मिलानचे बिशप झालेले संत आम्ब्रोज यांचे जन्मस्थानही ट्रीअरच मानले जाते.

शहरात शिरताच समोर उभी राहते ती ‘पोर्टा निग्रा’, म्हणजे काळी वेस. इ.स. १७० च्या सुमारास हिचे बांधकाम सुरू झाले. वालुकाश्माचे प्रचंड चिरे चुना न वापरता एकावर एक रचून लोखंडी कड्यांनी जखडले आहेत. शहराच्या इतर रोमन वेशींचे दगड मध्ययुगात लोकांनी घरे बांधण्यासाठी नेले. ही एक तेवढी वाचली, ती एका तपस्व्यामुळे. सिमिऑन नावाच्या ग्रीक संन्याशाने आर्चबिशप पोपो यांना पवित्र भूमीच्या यात्रेत सोबत केली होती. परतल्यावर त्यांनी या वेशीच्या एका बुरुजात स्वतःला कोंडून घेतले आणि मरेपर्यंत प्रार्थनेत काळ घालविला. १०३५ साली त्यांचे निधन झाले. लोक त्यांना संत मानू लागले, आर्चबिशपांनी वेशीचेच चर्च करविले आणि चर्चचे दगड कोणी चोरले नाहीत! पुढे १८०४ साली नेपोलियनने चर्चचे बांधकाम काढून मूळ रोमन वास्तू मोकळी करण्याचा हुकूम दिला. आज पूर्वेच्या अंगाला वेदीमागची अर्धवर्तुळाकार भिंत तेवढी त्या चर्चची खूण म्हणून उरली आहे.

थोडे पुढे गेले की कॉन्स्टंटाईन यांचा दरबारी महाल लागतो. ६७ मीटर लांब आणि ३३ मीटर उंच अशा या दालनात मध्ये एकही खांब नाही. ज्या सम्राटाने ख्रिस्ती लोकांना उपासनेचे स्वातंत्र्य दिले, त्याचे सिंहासन येथे होते. १८५६ पासून ही वास्तू प्रोटेस्टंट बांधवांचे उपासनामंदिर आहे. १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात ती जळाली आणि युद्धानंतर पुन्हा उभारण्यात आली. आतील भिंतींना गिलावा न करता विटा उघड्याच ठेवल्या आहेत.

कथीड्रलचा गाभा चौथ्या शतकातील आहे. त्याला खेटूनच तेराव्या शतकातील मारियामातेचे गॉथिक चर्च उभे आहे. प्रभू येशूचा बिनशिवणीचा झगा म्हणून पूजिले जाणारे वस्त्र कथीड्रलमध्ये जतन केले आहे. १५१२ साली ते प्रथम भाविकांच्या दर्शनासाठी ठेवण्यात आले. त्यानंतर १९३३, १९५९, १९९६ आणि २०१२ या वर्षांच्या यात्रांना लाखो भाविक लोटले. हे वस्त्र खरोखर कालवारीवरचेच आहे का, हा प्रश्न विद्वान विचारतात. मात्र योहानाच्या शुभवर्तमानातील तो झगा सैनिकांनी फाडला नाही, हे ध्यानात घेऊन २०१२ च्या यात्रेत प्रोटेस्टंट बांधवही सहभागी झाले. ख्रिस्तसभेचे ऐक्य हाच त्या वस्त्राचा अर्थ.

येथवरची फेरी कोणत्याही भाविकाला सुखावणारी आहे. परंतु वाचकहो, याच शहराची दुसरी बाजू सांगितली नाही, तर हा लेख अर्धसत्य ठरेल.

१५८१ ते १५९३ या काळात ट्रीअरच्या प्रदेशात चेटकिणींच्या नावाने भयंकर छळसत्र चालले. थंडी आणि अवकाळी पाऊस यांमुळे वर्षामागून वर्षे पीक बुडत होते. लोक भुकेले होते आणि भुकेल्या लोकांना दोषी हवा होता. संशयिताला यातना द्यायच्या, त्याच्या तोंडून आणखी दहा नावे वदवून घ्यायची आणि मग त्या दहांना धरून आणायचे, असा क्रम चालू राहिला. १५८७ पासूनच्या सहा वर्षांत भोवतालच्या बावीस गावांतून ३६८ माणसे जाळली गेल्याची नोंद आहे. त्यांत बहुसंख्य स्त्रिया होत्या; पण विद्यापीठाचे माजी कुलप्रमुख, न्यायाधीश डीट्रिख फ्लाडे हेही सुटले नाहीत. १५८९ साली त्यांना मृत्युदंड देण्यात आला.

या प्रकरणात धर्मगुरू कोठे होते? ट्रीअरचे साहाय्यक बिशप पीटर बिन्सफेल्ड यांनी या खटल्यांचे समर्थन करणारा ग्रंथ लिहिला. कॉर्नेलिअस लूस या डच धर्मगुरूंनी विरोधात लेखणी उचलली, तेव्हा त्यांना कैद करून १५९३ साली आपली मते जाहीरपणे मागे घ्यावयास लावले. त्यांचे हस्तलिखित दडपले गेले आणि १८८६ साली ट्रीअरमध्येच पुन्हा उजेडात आले. बाकीचे बहुतेक गप्प राहिले. मी स्वतः धर्मगुरू आहे. त्यामुळे या तिघांपैकी मला सर्वांत अस्वस्थ करतात ते हे गप्प राहिलेले.

कार्ल मार्क्स यांचा जन्म १८१८ साली ट्रीअरमध्ये झाला. ते ज्या शाळेत शिकले ती येशूसंघीयांच्या जुन्या कॉलेजात भरत असे. मार्क्स यांचे जन्मघर पाहण्यासाठी प्रवाशांची रीघ लागते. त्या कॉलेजाला लागून असलेल्या चर्चमध्ये मात्र फारसे कोणी थांबत नाही. तेथे फादर फ्रीड्रिख श्पे यांची कबर आहे.

श्पे यांचा जन्म १५९१ चा. १६१० साली ट्रीअरमध्येच त्यांनी येशूसंघात प्रवेश केला. १६१७ साली या तरुणाने रोमला संघाच्या प्रमुखांकडे विनंती धाडली, ‘मला हिंदुस्थानात पाठवा.’ ज्यांचा देह गोव्यात विसावला आहे, त्या फ्रान्सिस झेवियर यांच्या वाटेने जाण्याची त्यांना ओढ होती. विनंती नाकारली गेली. त्यांचे मिशनक्षेत्र जर्मनीच ठरले, आणि ते हिंदुस्थानाहून सोपे नव्हते.

चेटकीण ठरविलेल्यांचे पापनिवेदन ऐकणे आणि त्यांना सरणापर्यंत सोबत करणे हे काम त्यांच्याकडे आले. जे त्यांनी पाहिले ते १६३१ साली एका प्रोटेस्टंट छापखान्यातून ‘काउत्सिओ क्रिमिनालिस’ या लॅटिन ग्रंथात प्रसिद्ध झाले. ग्रंथावर लेखकाचे नाव नव्हते. त्यांचा युक्तिवाद साधा होता : यातना दिल्या तर कोणीही काहीही कबूल करील, आपण सारे अजून चेटके ठरलो नाही, ते केवळ आपल्याला यातना दिल्या गेल्या नाहीत म्हणून. लेखक कोण हे कळल्यावर संघातीलच काही जण त्यांच्यावर रुष्ट झाले. परंतु पुस्तक वाचले जाऊ लागले. तत्त्वज्ञ लायब्निझ यांनी नोंदविले आहे की, तरुण श्पे यांचे केस अकाली पांढरे का झाले याचे कारण त्यांनी स्वतः योहान फिलिप फॉन श्योनबोर्न यांना सांगितले होते : निरपराध माणसांना सरणापर्यंत पोहोचविण्याचे दुःख. हेच श्योनबोर्न पुढे माइन्झचे आर्चबिशप झाले आणि त्यांनी आपल्या प्रदेशातील असे खटले बंद केले.

१६३५ साली युद्धाने ग्रासलेल्या ट्रीअरमध्ये साथ पसरली. आजारी सैनिकांची शुश्रूषा करताना श्पे यांनाही तिची लागण झाली आणि ७ ऑगस्ट रोजी वयाच्या ४४ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांची कबर विस्मरणात गेली होती. ती १९८० साली पुन्हा सापडली. हिंदुस्थानात येण्याची त्यांची इच्छा अपुरीच राहिली. मात्र दोन शतकांनंतर, १८५४ पासून जर्मन येशूसंघीय मुंबईत आले आणि १८६९ साली त्यांनी सेंट झेवियर्स कॉलेज सुरू केले. आपल्या किती कुटुंबांतील मुले-मुली त्या पायऱ्या चढून गेली!

‘फादर, मग आपल्या चर्चचा इतिहास चांगला की वाईट?’ असे तरुण मुले विचारतात. बिन्सफेल्ड, लूस आणि श्पे हे तिघेही धर्मगुरू होते. तिघांच्या हाती एकच बायबल होते आणि तिघेही एकच मिस्सा अर्पण करीत होते. फरक इतकाच की, अफवा आणि माणूस समोरासमोर उभे राहिले, तेव्हा कोणी कोणावर विश्वास ठेवला. ही निवड ट्रीअरपुरती किंवा सोळाव्या शतकापुरती नाही. गावात एखाद्या घराविषयी कुजबुज सुरू होते, तेव्हा ती तुमच्या-माझ्याही दारी येते.

ट्रीअरला जाण्याचा योग आला तर काळी वेस अवश्य पाहावी, कथीड्रलमध्ये गुडघे टेकावेत. मग येशूसंघाच्या चर्चमध्ये जाऊन फादर श्पे यांच्या कबरीपाशी दोन मिनिटे थांबावे. ज्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या बावीस गावांतील जळालेल्या आयाबहिणींसाठी तेथे एक ‘नमो मारिया’ म्हणावी.