परिचारिकेची पाठ : एक छोटा इतिहास

१९८४ च्या दहावीच्या तुकडीला आठवत असेल, शनिवारची सकाळची शाळा सूर्यनमस्कारांनी सुरू व्हायची. बारा नमस्कार झाले की मुलांच्या हातात लाकडी डंबेल्स आणि मुलींच्या हातात लेझीम. एकदा मी पीटीच्या सरांना विचारलं, "सर, आम्हाला डंबेल्स का नाहीत?" सर हसून म्हणाले, "तुला काय पोती उचलायचीत का गं?" सगळा वर्ग हसला, मीही हसले. बारावीनंतर जनरल नर्सिंगला गेले आणि वर्षभरात कळलं, की मला पोतीच उचलायची आहेत. फरक एवढाच, की पोतं कण्हत नाही, घाबरून गळ्यात हात टाकत नाही आणि मध्येच अंग सोडून देत नाही.

संपादक मंडळाने "तुझ्या पेशाविषयी काहीतरी लिही" असं सांगितलं, तेव्हा नर्सच्या पाठीविषयी लिहायचं ठरवलं. हा इतिहास मला नोकरीला लागल्यावर तुकड्या-तुकड्यांनी समजला, आणि त्यातला एक तुकडा माझ्या स्वतःच्या कमरेत आहे.

सुरुवात आपल्या जिल्ह्यापासूनच करते. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सुरू केले. त्यावरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहूनही निघालं. बायकांनीही रोज नमस्कार घालावेत, असा त्यांचा आग्रह होता. आपल्या शाळेच्या पटांगणावर जे चालायचं, ते त्याच परंपरेतलं. त्याही आधीची एक गंमत सांगते. आपल्या तालमीतले मुद्गल ब्रिटिशांनी इथे पाहिले आणि विलायतेला नेले. डोनाल्ड वॉकर नावाच्या लेखकाने १८३४ मध्ये पुरुषांच्या व्यायामावर पुस्तक लिहिलं, त्यात ते आले. दोन वर्षांनी त्याने खास स्त्रियांसाठी पुस्तक काढलं, त्यातही मुद्गलाचाच एक हलका प्रकार होता. म्हणजे आपल्या आखाड्यातली वस्तू तिकडच्या बायकांच्या हाती गेली, आणि इकडच्या मुलींना आखाड्याचं दार दीडशे वर्षांनीही बंदच होतं.

आता नर्सिंगकडे येते. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५४ मध्ये अडतीस परिचारिका घेऊन क्रिमियाच्या युद्धातल्या जखमींसाठी स्कुतारीला गेली. आपल्या पुस्तकातल्या चित्रात ती हातात दिवा घेऊन शांत उभी असायची. पण पुढचा भाग पुस्तकात नव्हता. १८५५ मध्ये ती तापाने अंथरुणाला खिळली, मायदेशी परतल्यावरही ते दुखणं गेलं नाही, आणि पुढची अनेक वर्षं तिला कण्याच्या तीव्र वेदना होत्या. तिच्या नावाची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुरू झाली, तेव्हा ती स्वतः बहुतेक वेळ घरात पडून कागदपत्रं लिहीत असे. त्या शाळेत साधारण पंचवीस ते पस्तीस वयाच्या, धडधाकट बायका पसंत केल्या जात. ताकद घरून घेऊन यायची आणि रुग्णालयात खर्च करायची, असा तो हिशेब. ती ताकद वाढवायची किंवा जपायची कशी, हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

आपल्याकडे मुंबईत १८८६ मध्ये बायका-मुलांसाठी कामा रुग्णालय सुरू झालं. पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ मध्ये सेवासदन काढलं, आणि तिथल्या मुली ससून रुग्णालयात नर्सिंग शिकू लागल्या. त्यात विधवा होत्या, सासरी-माहेरी थारा नसलेल्या होत्या. परक्याच्या अंगाला हात लावायचा, रात्री घराबाहेर राहायचं, एवढ्यावरूनच त्यांना काय काय ऐकावं लागलं असेल. त्या वेळी "कंबर दुखते" ही तक्रार कोण कोणाकडे करणार?

आमच्या शिक्षणापर्यंत पुस्तकात एक धडा आला होता. पाय फाकवून उभं राहा, गुडघ्यात वाका, पाठ सरळ ठेवा, ओझं अंगाजवळ धरा. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा आणि मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. वॉर्डात मात्र दोन पलंगांत हातभर जागा, पलंगाची उंची बदलता येत नाही, मामा दुसऱ्या मजल्यावर ऑक्सिजनचा सिलिंडर आणायला गेलेला. तिथे पाय फाकवायचे कुठे?

१९९६ सालची गोष्ट. रात्रपाळी होती. मी आणि दोन विद्यार्थिनी मिळून एका बाईंना ट्रॉलीवरून पलंगावर घेत होतो. बाईंचं वजन ऐंशी किलोच्या आसपास. ट्रॉली सरकली, बाई मध्येच घसरल्या, आणि मी त्यांना खालून धरलं. त्या पडल्या नाहीत. माझ्या कमरेत मात्र अशी चमक भरली, की मला उभं राहता येईना. मणक्यांमधली चकती सरकली होती. दीड महिना घरी होते. धाकटी मुलगी तेव्हा दोन वर्षांची. तिला उचलून घ्यायचीही बंदी होती. ती पलंगाशी येऊन हात वर करायची आणि मी तोंड फिरवायची. परत कामावर गेले तेव्हा वरिष्ठांनी सांगितलं, "सिस्टर, तुमची उचलायची पद्धत चुकली." पुढची कित्येक वर्षं मी ते खरं मानलं.

माझी कंबर सावरली ती एका फिजिओथेरपिस्ट मॅडममुळे. त्यांनी आधी वाळूची एक किलोची पिशवी पायाला बांधून पाय उचलायला लावला, मग दीड, मग दोन. "मॅडम, दुखणाऱ्याने आराम करायचा ना?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी ज्याची गोष्ट सांगितली तो थॉमस डिलॉर्म. हा अमेरिकन लष्करी डॉक्टर. लहानपणी संधिवाताच्या तापाने अंथरुणाला खिळलेला, आणि वजनं उचलून उभा राहिलेला. दुसऱ्या महायुद्धात शिकागोच्या लष्करी रुग्णालयात गुडघे जखमी झालेल्या सैनिकांची रांग लागली होती. हलकं वजन पुष्कळ वेळा उचलावं, अशी तेव्हाची रीत. डिलॉर्मने उलट केलं: जड वजन, थोड्या वेळा, आणि ताकद येईल तसं वजन वाढवत न्यायचं. १९४५ मध्ये त्याने हे प्रसिद्ध केलं. पुढे १९४८ मध्ये वॉटकिन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने पद्धत सोपी केली. जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं त्याच्या निम्म्याने दहा, पाऊणपटीने दहा, मग पुऱ्या वजनाने दहा. आज कुठल्याही जिममध्ये "दहाचे तीन सेट" म्हणतात, ते इथून आलेलं आहे. वजनं उचलण्याची ही शिस्त रुग्णालयात घडली, रुग्णांसाठी घडली. त्यांच्या उशाशी उभ्या असलेल्या नर्सला ती कोणी शिकवली नाही.

"पद्धत चुकली" या वाक्याचं उत्तरही उशिरा मिळालं. आपल्याच वर्गातली एक मैत्रीण २००३ मध्ये इंग्लंडला नर्स म्हणून गेली. तिने फोनवर सांगितलं, "इथे पेशंट हाताने उचलला तर मलाच बोलणी बसतील. त्याला यंत्र आहे, सरकवायची चादर आहे." तिकडे १९९३ पासून कायदाच लागू झाला होता, की धोक्याचं ओझं हाताने उचलणं शक्य तिथे टाळावं. म्हणजे माझ्या अपघाताच्या तीन वर्षं आधी. २००७ मध्ये थॉमस वॉटर्स या अमेरिकन संशोधकाने रुग्ण हाताने उचलण्याची मर्यादा सुमारे सोळा किलो सांगितली, तीही सगळं अनुकूल असताना. ऐंशी किलोच्या माणसाचा नुसता एक पाय तेरा किलोच्या आसपास भरतो! २००८ मध्ये आधीचे अनेक अभ्यास एकत्र तपासून संशोधकांनी लिहिलं, की उचलण्याची पद्धत शिकवल्याने पाठदुखी टळते असा पुरावा मिळत नाही. ते समजलं त्या दिवशी मी एकटीच स्वयंपाकघरात बसून रडले. बारा वर्षं मी स्वतःला दोष देत होते.

मग व्यायाम कशाला? हा प्रश्न मला विद्यार्थिनी नेहमी विचारतात. "सिस्टर, दिवसभर पळतोच की आम्ही." पळण्याने पाय दमतात, ताकद वाढतेच असं नाही. ड्यूटीवर वजन कधी, किती आणि कशा अवस्थेत पेलायचं हे आपल्या हातात नसतं, आणि मध्ये विश्रांतीही नसते. व्यायामात तिन्ही आपण ठरवतो. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगते. मी मुलींना एवढंच सांगते: खुर्चीवर बसून उठल्यासारख्या बैठका, भिंतीला हात टेकवून जोर, पाण्याचा कॅन कमरेतून न वाकता उचलणं, आणि दोन्ही हातांत पिशव्या घेऊन चालणं. वीस मिनिटं, दोन दिवस. रात्रपाळी संपवून आलात तर आधी झोपा, व्यायाम उठल्यावर. कॅन अर्धा भरून सुरुवात करा आणि सोपं वाटू लागलं की थोडं पाणी वाढवा. डिलॉर्मनेही वेगळं काही केलं नव्हतं. मात्र ही ताकद आपल्या शिलकीसाठी आहे. ती आहे म्हणून चौघांचं काम एकटीने करायचं नाही, आणि सरकवायची चादर मागायला लाजायचं नाही.

माझ्या नोकरीला पस्तीस वर्षं होत आली. कंबर थंडीत कुरकुरते, पण गेल्या दिवाळीत मी नातीला उचलून घेतलं. हात वर करून उभी होती, अगदी तिच्या आईसारखी.

स्नेहमेळाव्याच्या निधीतून शाळेला काय द्यायचं, यावर आपल्या ग्रुपवर चर्चा चालू आहे. कोणी पाण्याची टाकी म्हणतं, कोणी संगणक. दोन्ही द्यावं. माझ्या वाट्याच्या पैशांतून मात्र डंबेल्सचे बारा जोड घ्यावेत, एक किलोपासून पाच किलोपर्यंत, आणि ते मुलींच्या तासाला बाहेर काढावेत, एवढी विनंती आहे. आपले पीटीचे सर मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. हो, उचलायची होती.