राजधानीची भाषा आणि बाजाराची भाषा : बेगम बाजारातून दिसणारे हैदराबाद

'राजधानी' या शब्दातील 'धानी' म्हणजे ठेवण्याची जागा, ज्यात काही सामावते ते पात्र. जुन्या मराठीत याच अर्थाने 'पायतख्त' हा फारसी शब्दही रुळला होता. त्याचा अर्थ तख्ताचा पायथा. एका शब्दात सामावून घेण्याची कल्पना आहे, दुसऱ्यात पायाशी येऊन उभे राहण्याची. सीमाभागातील मराठी माणसाने दोन्ही प्रकारच्या राजधान्या पाहिल्या आहेत. भालकीचा शेतकरी आपल्या गावातून हलला नाही. त्याची राजधानी मात्र औरंगाबादहून हैदराबादला आणि हैदराबादहून बंगळुरूला गेली. शेजारच्या उदगीरच्या शेतकऱ्याची राजधानी मुंबईला गेली. राजधानी कोठे आहे आणि ती कोणत्या भाषेत लिहिते, या दोन गोष्टींनी आमच्या कित्येक पिढ्यांचे शिक्षण, न्याय आणि जमिनीचे कागद ठरवले. म्हणून हैदराबादचा इतिहास आम्हांला परक्या शहराचा इतिहास वाटत नाही. तो आम्ही येथे दरबाराच्या बाजूने न सांगता मुसी नदीच्या उत्तर काठावरील बेगम बाजाराच्या बाजूने सांगणार आहोत.

निजामुल्मुल्क आसफजाहाने १७२४ मध्ये दख्खनमध्ये आपली सत्ता स्थापन केली, तेव्हा तिचे मुख्य ठाणे औरंगाबाद हे होते. दरबारी कागदांत औरंगाबादला 'खुजिस्ता बुनियाद' आणि हैदराबादला 'फर्खुंदा बुनियाद' म्हणत. दोन्ही बिरुदांचा अर्थ 'शुभ पायाचे' असाच. म्हणजे राज्याचे पहिले आसन मराठी मुलखात होते. पुढे पेशव्यांशी झालेल्या लढायांत हा मुलूख सतत आघाडीचा प्रदेश राहिला. १७६३ च्या ऑगस्टमध्ये गोदाकाठी राक्षसभुवन येथे निजामाच्या फौजेचा पराभव झाला. त्याच सुमारास निजाम अली खानाने राजधानी हैदराबादला हलवली. कुतुबशाहीचे हे जुने नगर पुन्हा राजनगर झाले आणि मराठी मुलूख दूरचा सुभा बनला. बेगम बाजाराचे नाव याच निजाम अलीच्या बेगमेशी, हमदा बेगमेशी, जोडले जाते. तिने व्यापाऱ्यांना येथील जमीन दिली, अशी परंपरा सांगते. दरबार, फौज आणि कचेऱ्या जेथे येतात तेथे सावकार आणि घाऊक व्यापारी येतातच. बेगम बाजाराची भरभराट ही या स्थलांतराचीच उपज होय.

या बाजारात गोसाव्यांचे मठ होते आणि त्या मठांतून सावकारी चालत असे. मारवाडी आणि गुजराती पेढ्या होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजा चंदुलालाच्या कारभारात, हैदराबादचे सरकार सावकारांच्या कर्जावर चालत होते आणि कर्जाची फेड परगण्यांचा वसूल गहाण टाकून होत होती. पुरणमल आणि पारशी सावकार पेस्तनजी यांच्याकडे वऱ्हाडचा वसूल अशाच रीतीने गेला. अखेर १८५३ मध्ये कंटिन्जंट फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थेखाली गेला. मराठी रयतेचा घाम आणि राजधानीतील पेढीची वही यांचा असा थेट संबंध होता. राजधानीच्या इतिहासात राजवाड्यांची वर्णने पुष्कळ येतात. त्या राजवाड्यांचा खर्च कोणत्या शिवारातून आला, हे मात्र वसुलाच्या हिशेबातच दिसते.

आता भाषेकडे वळू. पहिल्या सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. राज्याचे जिल्हे पडले, अव्वल तालुकदार आणि तहसीलदार नेमले गेले. दरबाराची भाषा तेव्हा फारसी होती. १८८३ मध्ये सालारजंगाचे निधन झाल्यावर थोड्याच काळात फारसीच्या जागी उर्दू आली. गावात पटवारी मराठीत, बहुधा मोडी वळणाने, लिहीत असे. तहसिलीत गेले की तेच प्रकरण उर्दूत होई आणि हैदराबादला पोहोचेपर्यंत ज्याचे प्रकरण त्यालाच ते वाचता येत नसे. या व्यवहाराच्या खुणा आमच्या बोलीत आजही आहेत. फसली, पेशकार, गिरदावर, पहाणी, खासरा हे शब्द आमच्या आजोबांनी शाळेत शिकले नव्हते; ते कचेरीच्या ओट्यावर शिकले. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो, हा हिशेब जुना सातबारा शोधणाऱ्या शेतकऱ्याला अजूनही करावा लागतो. शब्द आले याचे आम्हांला दुःख नाही. मराठीने फारसी-अरबीतून शेकडो शब्द घेतले आणि ती त्यामुळे सधनच झाली. दुःख याचे की शब्द आले, पण त्या शब्दांत लिहिलेला निकाल समजण्याचा हक्क आला नाही.

याच काळात बाजाराची रीत अगदी उलट होती. बेगम बाजारात हळद, मिरची, सुकामेवा, पितळ-तांब्याची भांडी यांचा व्यवहार करणारा दुकानदार घरी मारवाडी किंवा गुजराती बोले. गिऱ्हाइकाशी मात्र त्याला दखनीत, तेलुगूत, मराठीत वा कन्नडमध्ये बोलावे लागे. ज्याला माल विकायचा आहे तो समोरच्याची भाषा शिकतो. ज्याला हुकूम सोडायचा आहे तो समोरच्याला आपली भाषा शिकायला लावतो. राजधानी आणि बाजार यांच्यातील हा भेद आम्हांला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग खरोखर मोठा होता; शास्त्रीय ग्रंथांच्या अनुवादासाठी स्वतंत्र दारुल तर्जुमा उभारण्यात आले होते. परंतु ती भाषा उर्दू होती, आणि १९५१ च्या जनगणनेनुसार राज्यात उर्दू मातृभाषा असणारे दर शंभरांत दहा-बाराच होते. सुमारे निम्मे लोक तेलुगू, चतुर्थांश मराठी, तर दहा-अकरा टक्के कन्नड बोलत. मराठवाड्याच्या मुलाला प्राथमिक शाळेनंतर परभाषेतूनच पुढे जावे लागे. सभा भरवायची तर 'गश्ती निशाण ५३' या आदेशानुसार आधी परवानगी घ्यावी लागे. १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हटल्याबद्दल उस्मानियातून अनेक विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले. त्यांतील कित्येकांनी नागपूरला जाऊन शिक्षण पुरे केले.

अशा स्थितीत राजधानीतील मराठी मंडळींनी संस्था उभारल्या. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक आदींच्या पुढाकाराने १९०७ मध्ये विवेक वर्धिनी शाळा निघाली. बेगम बाजारापासून ती पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९२० मध्ये 'निजाम विजय' साप्ताहिक आणि १९२२ मध्ये मराठी ग्रंथसंग्रहालय सुरू झाले. १९३१ चे मराठी साहित्य संमेलन डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली हैदराबादेतच भरले. हा वारसा आम्ही अभिमानाने सांगतो.

परंतु त्याच वारशातील एक प्रसंग आम्ही सहसा सांगत नाही, तो सांगितलाच पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये विवेक वर्धिनीच्या नाट्यगृहात समाजसुधारणा परिषद भरली होती. अध्यक्षस्थानी महर्षी धोंडो केशव कर्वे होते. उर्दू, मराठी, इंग्रजी भाषणे झाली. अल्लमपल्ली वेंकटरामाराव हे वकील तेलुगूत बोलू लागले, तेव्हा सभेतून हशा आणि टाळ्यांनी त्यांचे भाषण बंद पाडण्यात आले. राज्यातील सर्वांत मोठ्या भाषेची ही अवहेलना करणाऱ्यांत मराठी श्रोतेही होते. दुखावलेल्या तेलुगू तरुणांनी लगेच आंध्र जन संघम् स्थापन केला. त्यातूनच पुढे आंध्र महासभा उभी राहिली आणि १९३० मध्ये जोगीपेठेत तिचे पहिले अधिवेशन झाले. मराठी भाषकांची महाराष्ट्र परिषद १९३७ मध्ये परतूरला भरली. कचेरीने जे आमच्याशी केले, तेच आमच्या सभेने तेलुगू वक्त्याशी केले. भाषेचा अन्याय फक्त सिंहासनावरून होतो असे नाही. जेथे जो बहुसंख्य किंवा वजनदार असतो, तेथे तो नकळत पायतख्त होऊन बसतो.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५२ मध्ये निवडून आलेल्या हैदराबाद विधानसभेचे अध्यक्ष काशीनाथराव वैद्य होते. मंत्रिमंडळात दिगंबरराव बिंदू होते. आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कन्नड अशा सोळा जिल्ह्यांची ती राजधानी अल्पकाळ खऱ्या अर्थाने 'धानी' होऊ शकली असती. १९५५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषिक राज्यांवरील आपल्या पुस्तकात हैदराबादला भारताची दुसरी राजधानी करावे, असे सुचवले. दिल्ली दक्षिणेतील लोकांना दूर पडते आणि संरक्षणाच्या दृष्टीने असुरक्षित आहे, ही त्यांची कारणे होती. राजधानी आपल्या आवाक्यात असणे हा नागरिकाचा हक्क आहे, हा त्यामागील विचार सीमाभागाला विशेष जवळचा आहे.

तसे घडले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य तिघांत वाटले गेले. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले. भालकी, औराद, हुमनाबाद म्हैसूरमध्ये राहिले. आदिलाबादेतून राजुरा, किनवट आणि इस्लापूर आपल्याकडे आले. नांदेडातील मुधोळ, भैंसा, कुबेर, बिचकुंदा, जुक्कल ही मंडळे आंध्र प्रदेशात गेली. बिदरहून हैदराबाद सुमारे १४० किलोमीटर आहे, बंगळुरू सातशेच्या घरात. ज्या राजधानीत उस्मानियाची परीक्षा आणि उच्च न्यायालयाचा दावा एकाच फेरीत उरकत असे, ती भालकीकराला आता फक्त बाजारहाटापुरती आणि दवाखान्यापुरती उरली. कचेरी तुटली, बाजार तुटला नाही. देगलूर, बिदर, भैंसा येथील दुकानदार आजही माल भरण्यासाठी बेगम बाजाराची वाट धरतात.

ज्या दिवशी ही सीमा आखली गेली, त्याच दिवशी राज्यघटनेची सातवी दुरुस्ती अमलात आली. तिने ३५०-अ हे कलम घातले : भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. ३५०-ब ने त्यांच्यासाठी विशेष अधिकारी दिला. ३५० वे कलम तर आधीपासूनच होते : कोणीही आपली तक्रार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडू शकतो. सप्टेंबर १९५६ च्या केंद्राच्या निवेदनानुसार ज्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे पंधरा-वीस टक्के असतील, तेथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही निघाव्यात. सीमा आणि सीमेवरील माणसाचे संरक्षण ही एकाच तारखेची भावंडे आहेत. एकाची अंमलबजावणी त्याच दिवशी झाली; दुसऱ्याची आम्ही अजून मागणी करतो आहोत.

ही मागणी आम्ही बंगळुरू आणि हैदराबादकडे करतो, तेव्हा मुंबईकडेही त्याच शब्दांत केली पाहिजे. सोलापूरच्या तेलुगू विणकराचा आणि जत-अक्कलकोटच्या कन्नड शेतकऱ्याचा अर्ज त्याच्या भाषेत स्वीकारला जातो का, त्याच्या मुलांच्या शाळेत शिक्षक आहे का, हे आम्ही विचारले नाही, तर भालकीच्या मराठी शाळेविषयी बोलण्याचा आमचा अधिकार अर्धाच राहील. बेगम बाजारातील व्यापारी दोनशे वर्षे गिऱ्हाइकाची भाषा शिकत आला, कारण त्यावाचून त्याचे पोट भरत नव्हते. लोकशाहीत राजधानीचे पोटही नागरिकाच्या करावरच भरते. तिने निदान त्या दुकानदाराइतके तरी शिकावे, एवढेच आमचे मागणे आहे.