भिंतीतल्या प्लगमधला सर्व्हर : एका विसरलेल्या डबीची गोष्ट

 

आपले फोटो, आपली पत्रं, आपले हिशेब हल्ली 'क्लाउड'मध्ये असतात असं आपण सहज म्हणतो. म्हणजे नेमके कुठे असतात, तर दुसऱ्या कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर. हे असंच व्हायला हवं होतं असं काही कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. साधारण २००९ ते २०१२ या तीन-चार वर्षांत एक वेगळी वाट अगदी दारापर्यंत आली होती. ती वाट म्हणजे मोबाइलच्या चार्जरपेक्षा थोडी मोठी, पांढरी डबी. नाव शीव्हाप्लग.

फेब्रुवारी २००९ मध्ये मार्व्हेल या अमेरिकी चिप कंपनीने ती जाहीर केली. सेहत सुतार्जा, त्यांच्या पत्नी वेली दाई आणि भाऊ पंतास सुतार्जा यांनी १९९५ मध्ये काढलेली ही कंपनी. (तिचं एक डिझाइन केंद्र आपल्या पुण्यातही आहे, बरं का.) हार्ड डिस्क आणि नेटवर्कच्या चिपा हा तिचा मूळ धंदा. २००६ मध्ये इंटेलचा एक्सस्केल नावाचा मोबाइल चिपांचा धंदा तिने ६० कोटी डॉलरला विकत घेतला आणि एआरएम जातीच्या प्रोसेसरमध्ये पाय आणखी घट्ट रोवले. आता अशी चिप तयार आहे, ती खपवायची कशी? तर इतर कंपन्यांना म्हणायचं, हा घ्या नमुना, यावरून तुमचा माल बनवा. त्या नमुन्याला म्हणतात डेव्हलपमेंट किट.

एरवी असं किट म्हणजे उघडी हिरवी पाटी, भरपूर वायरी आणि किंमत ऐकून घाम फुटेल असा प्रकार. हे किट होतं ९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या भावाने साधारण पाच हजार रुपये. आत १.२ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, ५१२ एमबी रॅम, तेवढीच फ्लॅश मेमरी, गिगाबिट नेटवर्कचं एक भोक, एक यूएसबी, एसडी कार्डाची खाच. पंखा नाही, स्क्रीन नाही, कीबोर्ड नाही. थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये खोचायचं आणि विसरून जायचं. तयार करून विकणारी कंपनी होती ग्लोबलस्केल.

वीज किती, तर पाच वॅटच्या आसपास. वर्षभर चोवीस तास चालू ठेवलं तरी ४४ युनिट. शंभर वॅट खाणारा साधा पीसी तसाच चालू ठेवला तर ८७६ युनिट. घरात स्वतःचा सर्व्हर हा श्रीमंती नाद राहायचं कारण नव्हतं, हे या एका आकड्याने सिद्ध केलं.

पण हातात आल्यावर ती डबी सुरू कशी करायची? खरी गंमत इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

रस्ते दोन होते. पहिला सोपा. नेटवर्कची केबल राउटरला लावा, डबी सॉकेटला. राउटर तिला आपोआप पत्ता देतो. राउटरच्या पानावर जाऊन तो पत्ता शोधा, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून एसएसएचने आत शिरा. वापरकर्ता 'रूट', पासवर्ड 'नोसॉफ्ट'. जगभरातल्या सगळ्या डब्यांना हाच पासवर्ड, त्यामुळे पहिलं काम तो बदलणं. कितीजणांनी बदलला असेल ते देव जाणे.

दुसरा रस्ता डबीच्या अंगावरच्या छोट्या मिनी-यूएसबीचा. ती केबल लॅपटॉपला लावली की लॅपटॉपला एकाच वायरीवर दोन दारं दिसायची. एक सिरियल कन्सोलचं, म्हणजे डबीशी थेट बोलायचं. दुसरं जेटॅगचं, ते काय ते पुढे सांगतो. मिनिकॉमसारखा प्रोग्रॅम उघडायचा, वेग ठेवायचा ११५२००, आणि डबी चालू करायची. काळ्या पडद्यावर अक्षरं धावू लागायची. सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांत कुठलंही बटण दाबलं तर सगळं थांबायचं आणि 'मार्व्हेल' असं लिहून समोर दोन बाण यायचे. हा यू-बूट. लिनक्स जागं होण्याआधी जो जागा होतो तो पहारेकरी. लिनक्स कुठून उचलायचं, फ्लॅशमधून, कार्डावरून की नेटवर्कवरून, हे सगळं त्याला सांगता यायचं. आणि तो ऐकायचा! आपल्या खिशातल्या फोनमध्येही असाच पहारेकरी असतो, फक्त बहुतेक वेळा तो मालकाचं न ऐकता कंपनीचं ऐकतो.

आत उबुंटू ९.०४ होतं. आता इतकं सुरळीत चाललंय म्हटल्यावर माणूस काहीतरी सॉफ्टवेअर टाकायला जाणार, आणि तिथे पहिला खडा लागायचा. पॅकेज उतरवून ठेवायचा जो फोल्डर लागतो, तो कारखान्यातून आलेल्या डबीत नसायचाच. हाताने तयार करावा लागायचा. एका ओळीची आज्ञा, पण माहीत नसेल तर संध्याकाळ गेली. किट म्हणजे काय ते यातून कळतं. अर्धा स्वयंपाक कंपनीने केलेला, फोडणी आपण द्यायची.

मोठा खडा पुढे होता. उबुंटूने एआरएम चिपांना पाठिंबा दिला तोच मुळी ९.०४ मध्ये, म्हणजे एप्रिल २००९ ला. पुढची आवृत्ती सहा महिन्यांनी आली, ती अधिक नव्या पिढीच्या एआरएमसाठी, आणि त्याच्या पुढची आणखी नव्या पिढीसाठी. शीव्हाप्लगची चिप जुन्या, पाचव्या पिढीच्या सूचनासंचाची. म्हणजे डबी बाजारात येऊन वर्ष व्हायच्या आत तिच्यातलं सॉफ्टवेअर पोरकं झालं. ९.०४ ची दुरुस्ती ऑक्टोबर २०१० ला संपली. हार्डवेअर ठणठणीत, कंपनी जिवंत, आणि तरी पुढचा रस्ता बंद. जुन्या अँड्रॉइड फोनवर बँकेचं अ‍ॅप चालेनासं झाल्याचा अनुभव ज्यांनी घेतलाय त्यांना वेगळं सांगायला नको.

इथे मदतीला आली डेबियनची मंडळी. डेबियन ही कंपनी नाही, स्वयंसेवकांनी चालवलेली लिनक्सची जुनी आवृत्ती. मार्टिन मिखलमायर या डेबियनच्या कार्यकर्त्याने या डबीवर डेबियन कसं बसवायचं ते पायरीपायरीने लिहून ठेवलं, आणि फेब्रुवारी २०११ ला आलेल्या डेबियन ६ मध्ये तिला रीतसर जागा मिळाली. त्या पायऱ्यांत एक चमत्कारिक पायरी होती. यू-बूटला सांगायचं, यंत्र क्रमांक २०९७. हा काय प्रकार? तर तेव्हा एआरएमच्या जगात प्रत्येक पाटीला एक नोंदणी क्रमांक असायचा, गाडीच्या नंबर प्लेटसारखा. जागं होताना पहारेकऱ्याने तो क्रमांक लिनक्सला सांगायचा, मग लिनक्स आपल्या वहीत बघणार, अच्छा, ही शीव्हाप्लग, हिचा दिवा इथे, हिची मेमरी तिथे. क्रमांक चुकला की सगळं गप्प. अशा पाट्या वाढत वाढत इतक्या झाल्या की २०११ मध्ये खुद्द लिनस टोरवाल्ड्स वैतागला आणि ती व्यवस्था बदलायला लागली. आज प्रत्येक पाटीचं वर्णन वेगळ्या फाइलमध्ये लिहितात. आपल्या फोनपासून टीव्हीच्या सेटटॉप बॉक्सपर्यंत सगळीकडे आता तेच चालतं.

आता जेटॅग. समजा तुम्ही प्रयोग करताना पहारेकऱ्यालाच मारलंत, यू-बूटच पुसून टाकला. इतर यंत्र असतं तर कायमची वीट. शीव्हाप्लगमध्ये त्याच मिनी-यूएसबीतून, फुकट मिळणाऱ्या ओपनओसीडी या प्रोग्रॅमने थेट चिपच्या आत हात घालून ते परत लिहिता यायचं. वेगळं यंत्र विकत आणायला नको. शिवाय आतल्या सर्किटचे नकाशेही खुले ठेवलेले. मालकाने बिघडवावं आणि मालकानेच दुरुस्त करावं, याची सोय कारखान्यातच केलेली वस्तू. माझ्या मते या डबीतली सर्वांत मोलाची गोष्ट ती १.२ गिगाहर्ट्झ नव्हती, हीच होती.

या वस्तूला राजकीय अर्थ दिला एका वकिलाने. ५ फेब्रुवारी २०१० ला न्यूयॉर्क विद्यापीठात कोलंबिया विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक एबेन मोग्लेन यांनी भाषण केलं. मुद्दा सरळ होता. इंटरनेट मुळात बरोबरीच्या यंत्रांचं जाळं होतं. हळूहळू सर्व्हर एका बाजूला गेले, आपण नुसते ग्राहक उरलो, आणि सर्व्हरच्या नोंदवह्या ज्याच्याकडे तो आपल्यावर नजर ठेवणार हे ओघानेच आलं. उपाय काय, तर भिंतीत खोचायचा स्वस्त सर्व्हर, प्रत्येकाच्या घरात. सरकारला तो बघायचा असेल तर निदान घराच्या झडतीचा कायदा तरी आडवा येईल. हे ऐकून त्याच विद्यापीठातल्या चार पोरांनी डायस्पोरा हे फेसबुकला पर्याय म्हणून सोशल नेटवर्क काढायचं ठरवलं. १० हजार डॉलर मागितले, लोकांनी सुमारे दोन लाख दिले.

मोग्लेन यांनी स्वतः २०११ च्या फेब्रुवारीत फ्रीडमबॉक्स फाउंडेशन उभं केलं. नेमकं त्याच सुमारास इजिप्तमध्ये सरकारने अख्ख्या देशाचं इंटरनेट बंद करून दाखवलं होतं, त्यामुळे कुणाला फार समजावून सांगायची गरज पडली नाही. त्यांचं पहिलं ठरलेलं यंत्र होतं ड्रीमप्लग, शीव्हाप्लगचंच धाकटं भावंडं.

मग ही डबी घराघरात का नाही पोचली?

काही दोष तिचेच. आतला वीजपुरवठ्याचा भाग कच्चा. बंद डबीत, उष्णतेत, वर्ष-दोन वर्षांत तो मान टाकायचा आणि लोक डबी फोडून बाहेरून पाच व्होल्ट जोडत बसायचे. पुढचं मॉडेल गुरुप्लग तर इतकं तापायचं की दोन नेटवर्कवाल्या प्रकारात पंखा बसवावा लागला, आणि त्या पंख्याची भुणभुण वेगळी. गुपचूप कोपऱ्यात बसणं हाच जिचा गुण, ती घरभर आवाज करायला लागली तर ठेवणार कोण? आपल्याकडे तर भारनियमनाचा जमाना. अचानक वीज गेली की फाइल सिस्टिमचं काय होईल ते नशीब.

पण दोष सगळा डबीवर टाकणं बरोबर नाही. सर्व्हर घरी ठेवायचा तर बाहेरून त्याच्यापर्यंत पोचता आलं पाहिजे, आणि घरचं इंटरनेट त्यासाठी बनवलेलंच नव्हतं. तेव्हा घरोघरी असलेल्या एडीएसएलमधला 'ए' म्हणजेच असमान. उतरवायचा वेग जास्त, चढवायचा कमी. भारताच्या २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात तर २५६ केबीपीएस उतरवता आलं की झालं ब्रॉडबँड, चढवायच्या वेगाचा विचार कोण करतो! त्यात इंटरनेटच्या जुन्या पद्धतीच्या पत्त्यांचे शेवटचे मोठे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटून संपले. फ्रीडमबॉक्स आणि हे, एकाच महिन्यात. मग कंपन्यांनी शेकडो घरांमागे एकच सार्वजनिक पत्ता वाटायला सुरुवात केली. चाळीत सगळ्यांचा पोस्टाचा पत्ता एक, खोली क्रमांक कुणालाच नाही, असं समजा. तुम्ही बाहेर पत्र पाठवू शकता, पण नवं पत्र तुमच्या दारात येणार नाही. आजही बहुतेक मोबाइल इंटरनेट आणि बरंचसं फायबर असंच चालतं. स्थिर पत्ता हवा तर वेगळे पैसे भरा.

ही अडचण ओळखून पोगोप्लग नावाच्या उत्पादनाने याच चिपेवर सोपी डबी काढली. हार्ड डिस्क लावा, बाकी आम्ही बघतो. 'आम्ही बघतो' म्हणजे तुमची डबी तुमच्या घरी, पण तिच्यापर्यंतचा रस्ता कंपनीच्या सर्व्हरवरून. नंतर कंपनीने सेवा गुंडाळली आणि रस्ता गेला. तुमचीच डिस्क, तुमच्याच घरात, आणि फोनवरून बघता येईना. ज्यांनी सिरियलची वायर जोडून आत डेबियन किंवा आर्च बसवलं, त्यांच्या डब्या मात्र पुढे कैक वर्षं चालल्या.

आणि मग २९ फेब्रुवारी २०१२ ला रास्पबेरी पाय आला. ३५ डॉलर, टीव्हीला जोडता येणारा, शाळकरी पोरांसाठी. तो बनवणाऱ्या माणसाचं नावही एबेन, एबेन अप्टन. ताकदीने पाय शीव्हाप्लगपेक्षा कमीच होता, घड्याळाचा वेग ७०० मेगाहर्ट्झ आणि रॅम निम्मी. पण स्वस्त होता, पडद्यावर काहीतरी दिसायचं, आणि त्याच्याभोवती माणसं गोळा झाली. प्लगची बाजारपेठ तिथे संपली. दुकानातून पाय घेऊन घरी सर्व्हर लावणारे आज आपल्याही गावात दोन-चार निघतील. पण पाय मुळात शिकण्याचं खेळणं म्हणून आला, घरचा सर्व्हर म्हणून नाही, आणि 'घराघरात सर्व्हर' ही मागणी त्या गडबडीत मागे पडली ती पडलीच. फ्रीडमबॉक्स अजून आहे. २०१९ मध्ये बल्गेरियाच्या ओलिमेक्सने त्याचं तयार किट विकायला काढलं, ८२ युरोला.

जुन्या डबीचं काय? आर्चने २०२२ मध्ये त्या पाचव्या पिढीला निरोप दिला. डेबियनने सर्वांत जास्त काळ हात धरला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये या जातीच्या यंत्रांसाठी नवा इन्स्टॉलर नाही आणि ही तिची शेवटची आवृत्ती, असं त्यांनी आधीच जाहीर केलं. ९९ डॉलरच्या वस्तूला सोळा वर्षं. त्यातली पहिली दीड उबुंटूची, बाकी सगळी बिनपगारी माणसांनी ओढलेली.

कुणाकडे अशी डबी माळ्यावर पडली असेल तर कळवा. वीजपुरवठा गेला असेल तर पाच व्होल्टचा अडॅप्टर आतून जोडता येतो. पण आधी प्लग भिंतीतून काढा, आत २३० व्होल्ट असतात.