उन्हाळ्यात अंगणात, परसात दिवा कोणता लावावा? वॅट नंतर बघा, आधी पाय कुठे पडतो ते बघा

एप्रिल-मे लागला की आपलं निम्मं घर अंगणात येतं. जेवण ओट्यावर, झोप बाजेवर, पोरांचे खेळ रात्री दहापर्यंत. परसातल्या झाडांना पाणीही ऊन उतरल्यावर, म्हणजे अंधार पडतानाच घातलं जातं. त्यात लग्नसराई, पाहुणेरावळे. साहजिकच याच दिवसांत बाहेरच्या दिव्याची खरेदी होते. दुकानात गेलं की पहिला प्रश्न असतो, "जास्त उजेडाचा कोणता?" इथेच गडबड होते. मोठा फोकस लावला म्हणून अंगण सुरक्षित होत नाही. कधी कधी उलटंच होतं.

दिवा घेताना काय बघायचं, कुठे लावायचा, सोलर घ्यावा का आणि करंटचा धोका कसा टाळायचा, याची ही माहिती.

उजेडाने साप पळत नाही

हा समज आधी काढून टाका. दिव्याला घाबरून साप येत नाही असं काही नसतं. उलट प्रखर पांढऱ्या दिव्याखाली किडे जमतात, किडे खायला बेडूक आणि पाली येतात आणि त्यांच्या मागे साप येऊ शकतो. दिवा सापाला हाकलायला नसतो, तुम्हाला पुढचं दिसावं म्हणून असतो. म्हणून तो तुमचा पाय जिथे पडतो तिथे हवा.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार विषारी साप मुख्य. त्यातली मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावल्याचे प्रकार होतात आणि तिचा दंश बरेचदा दुखतही नाही. म्हणून उन्हाळ्यात बाहेर झोपायचं तर बाजेवर झोपा, मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. दिवा असला तरी हे चुकवू नका.

दिवा कुठे लावायचा?

संध्याकाळी सात ते सकाळी सहा या वेळात घरातली माणसं कुठे-कुठे जातात ते आठवा. बहुतेक घरांत ही ठिकाणं निघतात:

- ओट्याच्या पायऱ्या
- शौचालय, न्हाणीकडे जाणारी वाट
- गोठ्याचं दार
- पाण्याचा हौद, नळ, मोटारीचा स्टार्टर
- सरपण, गोवऱ्या, विटा किंवा कडब्याच्या गंजीजवळची जागा

या प्रत्येक ठिकाणी ५ ते ९ वॅटचा एक एलईडी दिवा पुरतो. एकाच खांबावर ५० वॅटचा फोकस लावला की मधलं अंगण लख्ख दिसतं, पण गोठ्यामागे आणि सरपणाच्या ढिगाआड काळीकुट्ट सावली पडते. विंचू-साप लपतात ते नेमके तिथेच. शिवाय प्रखर दिव्याकडे बघून डोळे दिपतात आणि पुढच्या अंधारात काहीच दिसत नाही.

वाटेवरचा दिवा फार उंच नको. कमरेएवढ्या किंवा त्याहून कमी उंचीवर, उजेड खाली पडेल असा लावला तर दगड, खड्डा, पडलेली दोरी सगळं सावलीसकट उठून दिसतं. दिव्याला वरून टोपी हवी, म्हणजे उजेड डोळ्यात न जाता जमिनीवर पडतो. शेजाऱ्याच्या बाजेवरही तो जात नाही, त्यामुळे भांडणही टळतं.

पिवळा की पांढरा?

एलईडीच्या खोक्यावर रंगाचा आकडा असतो. २७०० किंवा ३००० केल्विन म्हणजे पिवळसर उजेड. दुकानदार त्याला वॉर्म व्हाइट म्हणतात. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, कूल डे लाइट. किड्यांना निळसर आणि जांभळ्या बाजूचा प्रकाश जास्त ओढतो. म्हणून अंगणात, जेवायच्या जागेजवळ आणि दारावर पिवळाच घ्या. किडे पूर्ण थांबत नाहीत, पण कमी येतात. उजेड मात्र कामापुरता तेवढाच मिळतो.

दिवा अगदी दाराच्या डोक्यावर असेल तर दार उघडलं की किडे आत येतात. तोच दिवा दारापासून पाच-सात फूट बाजूला लावून दाराकडे वळवा. जेवायला बसता तिथेही डोक्यावर दिवा नको, बाजूला थोडा लांब असू द्या.

ऊस, भुईमुगाच्या भागासाठी: हुमणीचे भुंगेरे

वळवाचा पहिला चांगला पाऊस झाला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून बाहेर पडतात. कडुलिंब, बाभूळ, बोर अशा झाडांवर ते जमतात आणि दिव्याकडेही येतात. घराभोवती मोठे पांढरे दिवे रात्रभर जळत असतील तर भुंगेरे तिकडे ओढले जातात. याच सवयीचा उपयोग करून घ्या. बांधावर प्रकाश सापळा लावा. दिवा, त्याखाली पाण्याची पसरट पाटी आणि त्या पाण्यात थोडं रॉकेल, एवढंच लागतं. दिवेलागणीपासून दोन-तीन तास तो पुरतो. नंतर बंद करा, नाहीतर उपयोगी किडेही मरतात. सापळा शेतात, घरचा दिवा पिवळा आणि मंद, अशी विभागणी ठेवा.

बिलाचा हिशोब

१००० वॅट एक तास चाललं की १ युनिट. रोज १० तास दिवा लावला तर ३० दिवसांचा हिशोब असा:

- ५ वॅटचा दिवा: दीड युनिट
- ९ वॅटचा दिवा: २.७ युनिट
- ५० वॅटचा फोकस: १५ युनिट

म्हणजे ५ वॅटचे पाच दिवे पाच ठिकाणी रात्रभर लावले तरी साडेसात युनिट होतात. एका फोकसच्या निम्मे. उजेड मात्र पाचही ठिकाणी. तुमच्या बिलावरचा दर लावून बघा, फरक कळेल.

सोलर दिवा घ्यावा का?

भारनियमन असलेल्या गावात, शेतातल्या घरी किंवा वायर नेणं अवघड असेल तिथे सोलर चांगला. करंटचीही भीती नाही. पण खोक्यावरच्या "१०० वॅट", "२०० वॅट"वर जाऊ नका. दोन गोष्टी विचारा: पॅनल किती वॅटचं आणि बॅटरी किती क्षमतेची?

समजा पॅनल ६ वॅटचं आहे. ऊन चांगलं असलं तरी धूळ, उष्णता आणि बॅटरीतली घट धरून दिवसाला ४ तासांची पूर्ण कमाई धरा. सहा गुणिले चार, म्हणजे २४ वॅट-तास वीज. आता बॅटरी बघा. ३.२ व्होल्ट, ६ अँपिअर-तास असं लिहिलं असेल तर ३.२ गुणिले ६, म्हणजे सुमारे १९ वॅट-तास एवढीच ती साठवते. हा दिवा १० तास चालवायचा तर सरासरी २ वॅटही मिळत नाहीत. खोक्यावर १०० लिहिलेलं असलं तरी! वाटेवर लावायला २ वॅट पुरतात, त्यामुळे असा दिवा वाईट नाही. फक्त पैसे २ वॅटचे द्या, १०० चे नको.

सोलर लावताना एवढं पाळा:

- पॅनल दक्षिणेकडे थोडं कललेलं ठेवा. झाडाची, टाकीची सावली त्यावर पडू देऊ नका.
- उन्हाळ्यात धूळ लगेच बसते. आठवड्यातून एकदा सकाळी, पॅनल गार असताना ओल्या फडक्याने पुसा.
- बॅटरी उन्हात तापली की तिचं आयुष्य घटतं. पॅनल वेगळं आणि दिवा-बॅटरी वेगळी असा प्रकार घेतला तर बॅटरी सावलीत ठेवता येते.
- लिथियम फॉस्फेटची बॅटरी उष्णता त्यातल्या त्यात बरी सोसते. दुकानदाराला प्रकार विचारा.
- मे महिन्यात झकास चालणारा दिवा जुलैच्या ढगाळ दिवसांत लवकर विझतो. शौचालयाच्या वाटेवर फक्त सोलरच्या भरवशावर राहू नका, हाताशी टॉर्च ठेवा.
- बिल आणि वॉरंटीचं कार्ड घ्या, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा.

माणूस आला की लागणारा दिवा

असा सेन्सरचा दिवा गोठ्याला आणि मागच्या दाराला सोयीचा. रात्रभर जळत नाही, त्यामुळे किडे कमी येतात आणि वीजही वाचते. पण यातले बरेच सेन्सर अंगाची उष्णता आणि भोवतालची उष्णता यांतला फरक ओळखून चालतात. उन्हाळ्यात संध्याकाळी हवाच अंगाएवढी तापलेली असली की हा फरक कमी होतो आणि दिवा उशिरा, अगदी जवळ गेल्यावर लागतो. विदर्भ-मराठवाड्यात हे जास्त जाणवेल. म्हणून पायऱ्यांवर साधा दिवा ठेवा, सेन्सरचा दिवा बाकी ठिकाणी.

करंटचा धोका: इथे काटकसर नको

मेमध्ये कोरड्या अंगणात लावलेली वायर वळवाच्या एका सरीत जीवघेणी होऊ शकते. म्हणून:

- खोक्यावर आयपी ६५ लिहिलेला दिवा घ्या. धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. छपराखाली आयपी ४४ चालतो. घरातला साधा बल्ब-होल्डर उघड्यावर लावू नका.
- कपडे वाळत घालायच्या तारेवरून किंवा तारेच्या कुंपणावरून वायर कधीच नेऊ नका. वायर सोलली की सगळ्या तारेत करंट उतरतो.
- झाडाला खिळा मारून वायर बांधू नका. वाऱ्याने घासून ती सोलते.
- जोड कमीत कमी ठेवा. जोड उघड्यावर टेपपट्टीने गुंडाळून सोडू नका, बंद डबीत घ्या.
- लोखंडी खांबावर दिवा असेल तर खांबाला अर्थिंग हवंच.
- बोर्डात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. करंट गळाला की तो क्षणात वीज तोडतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा.
- लग्नाच्या रोषणाईच्या माळा चार दिवसांसाठी असतात. त्या पावसाळ्यात झाडांवर तशाच ठेवू नका. कायमची माळ हवी असेल तर १२ व्होल्टची घ्या आणि तिचा अडॅप्टर घरात, कोरड्या जागी ठेवा.
- आकडा टाकून दिवा लावू नका. काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.

वादळाने तार तुटून पडली तर जवळ जाऊ नका, लोकांना आणि जनावरांना लांब ठेवा आणि महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर कळवा.

विंचू शोधायची सोपी युक्ती

नोटा तपासायला वापरतात तशी जांभळ्या उजेडाची यूव्ही टॉर्च मिळते. तिच्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो. बाज टाकण्याआधी सरपण, विटा, भिंतीच्या कडा आणि चपला एकदा बघून घ्या. त्या टॉर्चकडे डोळे रोखून बघू नका आणि मुलांच्या हातात देऊ नका.

चावलं तर?

साप चावल्यावर घट्ट दोरी बांधणं, चिरा देणं, मांत्रिकाकडे जाणं यात वेळ जातो आणि जीवही. माणसाला शांत ठेवा, चावलेला हात किंवा पाय हलू देऊ नका, १०८ला फोन करा आणि थेट रुग्णालय गाठा. सर्पविषावरचं इंजेक्शन तिथेच मिळतं. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. लाल विंचवाच्या दंशावरही उपचार आहेत. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली, त्यांचं मोठं काम याच उपचारावरचं आहे. तेव्हा "विंचूच तर आहे" म्हणून घरी बसू नका. विशेषतः लहान मुलाला घाम फुटला, उलट्या झाल्या, हातपाय गार पडले तर लगेच हलवा.

दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा

१. आधी जागा मोजा, मग दिवे. एका मोठ्यापेक्षा चार लहान बरे.
२. रंग पिवळा, ३००० केल्विन किंवा कमी.
३. उघड्यावर आयपी ६५.
४. सोलरला पॅनल आणि बॅटरी विचारा, मोठ्या आकड्याला भुलू नका.
५. आरसीसीबी आणि अर्थिंग नसेल तर पहिला खर्च त्यावर करा, दिवा नंतर घ्या.

अंगण लख्ख दिसण्यापेक्षा रात्री उठलेल्या म्हाताऱ्या माणसाला पुढचं पाऊल दिसणं महत्त्वाचं. तेवढं बघून दिवा निवडा. पाऊस सुरू होण्याआधी एकदा सगळ्या वायरी तपासून घ्या आणि ही माहिती गावच्या ग्रुपवर पाठवा.