माळवद गळतंय, पैसे कोण देणार?

आजचा भाग अहिल्यानगरच्या जुन्या पेठांचा. (तोंडात अजून 'नगर'च येतं, तेव्हा पुढे नगरच म्हणतो.) माळीवाडा, नालेगाव, कापडबाजार या भागांतला एखादा जुना वाडा डोळ्यांसमोर आणा. सागवानी खांब, फुगलेली भिंत, माळवदावर ताडपत्री. मालक म्हणतो, "एवढ्याशा भाड्यात दुरुस्ती कशी करू?" भाडेकरू म्हणतो, "वाडा तुमचा, खर्च मी का करू?" आणि गंमत म्हणजे दोघांचंही खरं आहे.

हा गुंता कायद्यानेच घातलाय. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात हिशोब सोपा होता. जागा जशी घेतली तशी भाडेकरूने राखायची, वापराने होणारी नेहमीची झीज सोडून. मालकाने दुरुस्ती कबूल केली असेल आणि नोटीस देऊनही तो करत नसेल, तर भाडेकरूने ती करायची आणि खर्च व्याजासकट भाड्यातून कापायचा.

मग महायुद्धं आली. शहरांत माणसं वाढली, घरं कमी पडली, भाडी भडकली. मुंबईत 1918 पासून भाड्यांवर बंधनं आली. त्यातूनच पुढे 1947 चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा आला. त्याने 1 सप्टेंबर 1940 चं भाडं 'प्रमाण भाडं' म्हणून धरलं. फाळणी आणि टंचाईच्या त्या काळात हे गरजेचंच होतं, नाहीतर कित्येक कुटुंबं रस्त्यावर आली असती. पण त्याच कायद्याने हेही सांगितलं की वेगळा करार नसेल तर जागा राहण्याजोगी ठेवणं मालकाचं काम. म्हणजे उत्पन्न 1940 चं आणि गवंडी, चुना, लाकूड चालू बाजारभावाचं!

आता जरा आकडे बघू. महिन्याचं भाडं 40 रुपये धरा. वर्षाचे झाले 480. मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडेकरूने किमान 15 दिवसांची नोटीस द्यायची, काम करून घ्यायचं आणि पैसे भाड्यातून वळते करायचे. ही वाट सध्याच्या, म्हणजे 1999 च्या कायद्याच्या कलम 14 मध्येही आहे. पण वर्षाला कापता येतो तो भाड्याचा फार तर चौथा हिस्सा, म्हणजे इथे 120 रुपये. तेवढ्यात सिमेंटची एक गोणीसुद्धा येत नाही. हक्क कागदावर पक्का, पण माळवद गळतंच.

मुंबईने यावर वेगळा तोडगा काढला. 1969 च्या कायद्याने जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि दुरुस्तीसाठी सरकारी मंडळ आणलं. 'उपकरप्राप्त इमारत' हा शब्द तिथूनच आलाय. ही सोय फक्त मुंबई शहरापुरती. नगरच्या वाड्यामागे असा कुठलाच निधी उभा राहिला नाही.

1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सांगितलं की गोठवलेलं भाडं काळाच्या ओघात अन्यायकारक झालंय. तरी कायदा लगेच रद्द केला नाही, कारण त्याची मुदत संपतच आली होती. नवा कायदा 31 मार्च 2000 पासून लागू झाला. त्याने मालकाला वर्षाला 4 टक्के वाढ दिली. आपल्या 40 रुपयांवर ती होते 1 रुपया 60 पैसे!

बरं, वाडा धोकादायक ठरला आणि महापालिकेची नोटीस आली, तरी भाडेकरू हलत का नाही? आपण त्याला हट्टी म्हणून मोकळे होतो. पण बाहेर पडलं की हक्क गेला, ही त्याची खरी भीती असते. 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी निर्णय दिला की इमारत पाडली म्हणून भाडेकरूचा हक्क आपोआप संपत नाही, तो जमिनीवरही राहतो. पण भिंत पडायला आलेली असताना हे त्याला सांगणार कोण?

तुमच्यापैकी बरेच जण सावेडीत किंवा पुण्यात अकरा महिन्यांच्या 'लिव्ह अँड लायसन्स'वर राहत असाल. तुमचं काय? कलम 14 भाडेकरूबद्दल बोलतं, लायसन्सवाल्याबद्दल नाही. तुमच्या नळाचं, वायरिंगचं काय ते करारातच बघायचं. हा करार लेखी करून नोंदवणं ही जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल आणि अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत राहणाऱ्याचं म्हणणं धरलं जातं. ते आहे कलम 55 मध्ये.