आय-लीग आणि इंडियन सुपर लीग

भारतातील दोन व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये २०१४ ते २०१९ या काळात झालेली चढाओढ आणि तिचे परिणाम. आय-लीग (२००७) ही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची अधिकृत स्पर्धा. १९९६ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय फुटबॉल लीगची ती वारसदार. इंडियन सुपर लीग ऊर्फ आयएसएल ही २०१४ मध्ये खाजगी भांडवलावर उभी राहिली आणि पाच वर्षांत तिने आय-लीगला दुसऱ्या श्रेणीत ढकलले. प्रस्थापित लीगपुढे नवी लीग यशस्वी होऊ शकते का, या प्रश्नाला भारतात होकारार्थी उत्तर मिळाले खरे; पण ते मैदानावर ठरले नाही, करारपत्रावर ठरले.

अशी चढाओढ खुली असते ती अमेरिकन फुटबॉलमध्ये. तिथे पैसा असेल त्याला लीग काढता येते. १९६० मध्ये सुरू झालेली अमेरिकन फुटबॉल लीग टेलिव्हिजनच्या पैशावर तगली आणि १९७० मध्ये जुन्या नॅशनल फुटबॉल लीगमध्ये बरोबरीच्या नात्याने विलीन झाली. १९८३ साली आलेली युनायटेड स्टेट्स फुटबॉल लीग मात्र तीन हंगामांत आटोपली. तिने मक्तेदारीविरुद्ध खटला भरला आणि १९८६ मध्ये जिंकलाही. ज्यूरीने नुकसानभरपाई दिली एक डॉलर, जी कायद्यानुसार तिप्पट होऊन तीन डॉलर झाली. फिफाच्या छत्राखालच्या फुटबॉलमध्ये असे खुले रान नाही. राष्ट्रीय महासंघाची मान्यता नसेल तर खेळाडूंवर बंदी येऊ शकते आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांची दारे बंद होतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये युरोपातील बारा बलाढ्य क्लबांनी जाहीर केलेली सुपर लीग दोन-तीन दिवसांत कोसळली, ती चाहत्यांच्या संतापाने आणि या व्यवस्थेच्या धाकानेही. तेव्हा फुटबॉलमध्ये नव्या लीगला आधी महासंघ आपल्या बाजूला वळवावा लागतो. भारतात नेमके तेच झाले.

आयएसएल येण्याआधी आय-लीग धडधाकट होती असे म्हणता येत नाही. खेळाचा दर्जा बरा, पण सामने दुपारच्या उन्हात, गॅलऱ्या ओस आणि प्रक्षेपण सुमार. राष्ट्रीय लीग जिंकलेल्या मुंबईच्या महिंद्र युनायटेडने २०१० मध्ये गाशा गुंडाळला. पहिल्या लीगचा विजेता, फगवाड्याचा जेसीटी, २०११ मध्ये बंद झाला. त्याच वेळी गोव्याचा मात्र सुवर्णकाळ चालू होता. २००७-०८ ते २०१२-१३ या सहाही हंगामांचे विजेतेपद गोव्यातच राहिले : धेंपो तीनदा, चर्चिल ब्रदर्स दोनदा, साळगावकर एकदा. एवढ्या छोट्या राज्याने राष्ट्रीय स्पर्धेवर इतका काळ पकड ठेवल्याचे दुसरे उदाहरण भारतीय खेळांत सहज आठवत नाही.

डिसेंबर २०१० मध्ये महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी पंधरा वर्षांचा, ७०० कोटी रुपयांचा करार केला. त्यात भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क, म्हणजे राष्ट्रीय संघापासून आय-लीगपर्यंत सगळे, कंपनीकडे गेले; शिवाय नवी लीग काढण्याची मुभाही मिळाली. पुढच्या सगळ्या घडामोडींचे मूळ या एका कलमात आहे. जुनी लीग विकण्याचे काम ज्याच्याकडे, तोच तिच्या प्रतिस्पर्ध्याचा मालक. घरमालकाने जुन्या भाडेकरूच्या खोलीची किल्ली नव्या भाडेकरूच्या हाती द्यावी, तसा हा प्रकार होता. महासंघाच्या बाजूने इतकेच म्हणता येईल की तिजोरी रिकामी होती आणि इतका पैसा देणारा दुसरा कोणी दारात उभा नव्हता.

१२ ऑक्टोबर २०१४ रोजी कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर आयएसएलचा पहिला सामना झाला. आठ फ्रँचायझी, सिनेतारे आणि क्रिकेटपटू मालक, आणि कारकिर्दीच्या उतरणीवरचे नामवंत परदेशी खेळाडू : दिल्लीकडे देल पिएरो, मुंबई सिटीकडे अनेल्का आणि ल्युंगबर्ग, एफसी पुणे सिटीकडे त्रेझेगे, एफसी गोवाकडे पिरेस आणि प्रशिक्षक म्हणून झिको. प्रेक्षकसंख्या सामन्यामागे सरासरी २५ हजारांच्या आसपास गेली. तारांकित नावांची हीच युक्ती २०१२ मध्ये बंगालमध्ये योजलेल्या लीगने करून पाहिली होती. क्रेस्पो, कान्नावारो यांचे लिलाव झाले, पण चेंडू कधी हललाच नाही. आयएसएलकडे नावांखेरीज वाहिनी होती, मैदाने होती आणि महासंघाचा शिक्का होता. भारतीय खेळाडू पहिली तीन वर्षे दोन्हीकडे खेळत : शरद ऋतूत दोन-अडीच महिने आयएसएल, नंतर आय-लीग. म्हणजे जुन्या लीगने घडवलेल्या खेळाडूंवरच नवी लीग उभी राहिली.

फटका सर्वांत आधी बसला तो पश्चिम किनाऱ्याला. २०१२-१३ मध्ये आय-लीगचा उपविजेता ठरलेला पुणे एफसी २०१५ मध्ये बंद झाला आणि त्याची नावाजलेली अकादमी एफसी पुणे सिटीने घेतली. पुण्यातलाच, कल्याणी समूहाचा भारत एफसी एका हंगामातच बाहेर पडला. आयएसएल ही सर्वोच्च लीग आणि आय-लीग तिच्याखाली, अशी योजना महासंघाने २०१६ मध्ये मांडताच साळगावकर, स्पोर्टिंग क्लब द गोवा आणि धेंपो यांनी निषेध म्हणून आय-लीग सोडली. विसंगती अशी की एफसी गोवाच्या पहिल्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही घराणी स्वतः होती. त्यांच्या एका हाताने दुसऱ्याची जागा घेतली.

दुसऱ्या श्रेणीत घसरलेल्या मिझोरामच्या ऐजॉल एफसीला गोव्याचे क्लब गेल्यामुळे परत बोलावण्यात आले आणि २०१६-१७ ची आय-लीग त्यांनीच जिंकली. त्यांचे प्रशिक्षक खालिद जमील आधी अनेक वर्षे मुंबई एफसीचे प्रशिक्षक होते. ते गेल्यावरच्या त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला जाऊन घसरली. खेळ म्हणून लीगने काय द्यावे, तर ही गोष्ट. पण विजेत्या ऐजॉलसाठी आयएसएलचे दार उघडले नाही, कारण तिथे प्रवेश गुणतक्त्याने नव्हे, दरवर्षी दहा कोटींहून अधिक फ्रँचायझी शुल्क भरून मिळत होता.

२०१७-१८ पासून दोन्ही लीग एकाच वेळी होऊ लागल्या. आय-लीगचा दोनदाचा विजेता बेंगळुरू एफसी आयएसएलमध्ये गेला आणि आशियाई फुटबॉल महासंघाने नव्या लीगच्या विजेत्याला एएफसी कपची जागा दिली. तेव्हाच निकाल लागल्यात जमा होता. आय-लीग क्लबांनी महासंघाच्या सुपर कप स्पर्धेवर बहिष्कार टाकला, पंतप्रधानांना पत्र लिहिले. उपयोग झाला नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये आशियाई महासंघाने मंजूर केलेल्या आराखड्याने आयएसएलला देशातील पहिली लीग ठरवले. २०२० मध्ये मोहन बागान (एटीके या फ्रँचायझीत विलीन होऊन) आणि ईस्ट बंगाल तिकडे आले. आय-लीग विजेत्याला वरच्या लीगमध्ये बढती मिळू लागली ती २०२३ पासून. पहिला मान पंजाब एफसीचा.

नव्या लीगने प्रशिक्षण, वैद्यकीय सुविधा, मैदाने आणि खेळाडूंचे मानधन यांत मोठी सुधारणा केली, हे मान्य करावे लागते. एफसी गोवा २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटात खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला; पुढच्या वर्षी मुंबई सिटीने त्या गटात भारतीय क्लबाचा पहिला विजय मिळवला. मात्र फ्रँचायझींचा तोटा कायम राहिला. एफसी पुणे सिटी २०१९ मध्येच मिटली आणि तिची जागा हैदराबादला गेली. पुण्याने चार वर्षांत तिसरा क्लब गमावला.

मूळ करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. नूतनीकरण रखडल्याने आयोजकांनी जुलै २०२५ मध्येच पुढचा हंगाम स्थगित केला. महासंघाने व्यापारी हक्कांसाठी काढलेल्या निविदेला ७ नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. डिसेंबरमध्ये सिटी फुटबॉल ग्रुप मुंबई सिटीच्या मालकीतून बाहेर पडला. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय क्रीडामंत्र्यांनी १४ क्लबांसह १४ फेब्रुवारीपासून छोटा हंगाम खेळवण्याची घोषणा केली.