दुचाकीचा विमा : जोखीम कोणाची?

जोखीम हा शब्द मोटारीपेक्षां फार जुना. पश्चिम किनाऱ्यावरील सावकारींत ‘जोखमी हुंडी’ म्हणून एक प्रकार असे. गलबतावर माल चढविणारा व्यापारी ती लिहून देऊन रोकड आगाऊ घेई. माल सुखरूप बंदराला लागला तरच हुंडी वटे. गलबत बुडालें तर पैसे देणाराचे पैसेही बुडत. कर्ज आणि विमा एकाच कागदांत असत. पण जोखीम कोणती व ती कोणाच्या शिरावर, हें उभयपक्षीं आधींच ठाऊक असे.

मोटार आली आणि जोखमीचें स्वरूप पालटलें. गलबत बुडाल्यास नुकसान मालाशीं संबंध असलेल्यांचें होई. मोटारीनें पादचाऱ्यास उडविलें, तर नुकसान होतें तें त्या वाहनाशीं कांहींएक संबंध नसलेल्या माणसाचें. हिंदुस्थानांतील 1914 च्या मोटार कायद्यांत नोंदणी व परवाना यांची व्यवस्था होती. विम्याची सक्ती नव्हती. जखमीनें दावा जिंकला, तरी वाहनमालक निष्कांचन निघाल्यास हातीं नुसता हुकूमनामा राही. इंग्लंडनें 1930 सालीं तिऱ्हाइताच्या नुकसानीचा विमा सक्तीचा केला. हिंदुस्थानांत 1939 चा मोटार वाहन कायदा झाला. त्यांतील विम्याचें प्रकरण मात्र 1 जुलै 1946 पासून अमलांत आलें. पुढें 1988 च्या कायद्यानेंही ती सक्ती कायम ठेविली.

या सक्तीचा जन्म तिऱ्हाइताच्या रक्षणासाठीं झाला, वाहनमालकाच्या नव्हे. ही गोष्ट विसरल्यानें पुष्कळांची फसगत होते. येवल्याचेंच पाहा. नाशिकहून छत्रपती संभाजीनगरकडे आणि मनमाडहून अहिल्यानगरकडे जाणारे रस्ते येथें एकमेकांस छेदतात. पैठणी विणणारा एखादा कारागीर तयार साडी पेढीवर पोंचविण्यास दुचाकीवरून निघतो, मागें पत्नी बसलेली असते. त्याच्याजवळ केवळ सक्तीचा विमा असला आणि अपघात झाला, तर धडक बसलेल्या तिऱ्हाइतास भरपाई मिळेल. स्वतःच्या गाडीची दुरुस्ती मात्र पदरच्या पैशानेंच करावी लागेल. गाडी चोरीस गेली, तर छदामही मिळणार नाहीं.

आणि मागें बसलेल्या पत्नीचें काय? 2006 सालीं एका स्कूटरच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, केवळ कायद्यापुरत्या घेतलेल्या विम्यांत भाडें न देतां मागें बसलेल्या स्वाराची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाहीं. सर्वांगीण विमापत्रांत हा स्वार अंतर्भूत असतो, असा खुलासा विमा नियामक प्राधिकरणानें 2009 सालीं केला. दोन कागदांतील हें अंतर एका कुटुंबाच्या भवितव्याएवढें मोठें आहे. स्वतः चालक असलेल्या मालकासाठीं 15 लाख रुपयांचा वैयक्तिक अपघात विमा निराळा असतो. तो आपल्या पत्रांत आहे कीं नाहीं, हेंही पाहिलें पाहिजे.

1 सप्टेंबर 2018 पासून नव्या दुचाकीस पांच वर्षांचा तिऱ्हाईत विमा आवश्यक झाला. तेव्हांपासून आणखी एक गैरसमज रुजला. पांच वर्षांचा कागद हातीं आहे म्हणून मालक निश्चिंत राहतो. पण गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा भाग पुष्कळदां एकाच वर्षाचा असतो. त्याची मुदत संपली, तर उरलेलीं चार वर्षें गाडी उघडीच राहते.

रकमेचेंही तसेंच. गाडी चोरीस गेल्यास मिळते ती विमापत्रांत ठरलेली किंमत, खरेदीची नव्हे. रूढ तक्त्याप्रमाणें दोन वर्षांवरील व तीन वर्षांपर्यंतच्या गाडीची 30 टक्के घट धरतात. 80,000 रुपयांच्या गाडीचे 56,000 होतात. हप्ता कमी दिसावा म्हणून ही किंमत आणखी उतरविली, तर तोटा अखेर मालकाचाच. परवाना नसतां किंवा मद्याच्या अमलाखालीं गाडी चालविल्यास स्वतःच्या नुकसानीची भरपाई मिळत नाहीं. नित्याची झीज व यंत्रांतील बिघाड हेही विम्याबाहेरच.

येवल्यास पैठणी घेण्यास आलेली जाणती गृहिणी पदर उलटून मागची बाजू पाहते, कारण हातमागाच्या अस्सल विणीची नक्षी दोहों बाजूंनीं सारखी उतरते. तीच चिकित्सा विमापत्राच्या बाबतींतही हवी. हप्ता किती, हें विचारण्यापूर्वीं या कागदानें कोणाचें रक्षण होतें आणि कोण बाहेर राहतें, हें विचारावें. जोखमी हुंडी लिहिणारा व्यापारी तें विचारल्यावांचून सही करीत नसे.